कोयता कधी, विळा कधी

मुलाकडे किंवा मुलीकडे इंग्लंडला महिना-दोन महिने राहून आलेले आई-वडील परतले की गाडीच्या खिडकीतून पाहिलेल्या शेतांचं वर्णन हमखास करतात. प्रत्येक शेताला झाडीची चौकट, आणि आत कितीतरी ठिकाणी नुसतं गवत. ना ज्वारी, ना ऊस. "गवतच पिकवतात की काय हे लोक?" असं विचारून झालं की पुढचं वाक्य येतं : एवढी झाडी आणि एवढं गवत म्हणजे पाखरांची चंगळच असणार, माणसानं मध्ये लुडबुड केली नाही म्हणजे झालं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ 'हो' असं आहे. गवत हे तिथलं मोठं पीक आहे, कारण हिवाळ्यात कित्येक महिने ते वाढत नाही आणि गुरांना वैरण तर लागतेच. दुसरं विधान अर्धंच खरं. झाडी पाहिजे, गवत पाहिजे, पण लुडबुडही पाहिजे. ही झाडी कोयत्यानं घडवलेली आहे आणि ही कुरणं विळ्यानं. दोन्ही हत्यारं खुंटीला टांगली तर काही दशकांत झाडीची जागा उंच, बुडाशी उघड्याबोडक्या झाडांची रांग घेते आणि कुरणावर आधी झुडपं, मग जंगल माजतं. हत्यारं भलत्या वेळी चालवली तर झाडीही राहते, गवतही राहतं, पण आत राहणारं कुणी उरत नाही. म्हणून या प्रकरणात आपण एकच धागा धरू : पातं कोणत्या महिन्यात चालतं आणि किती वर्षांनी.

1. झाडीची चौकट आली कुठून?

तिथले लोक या झाडीला 'हेज' म्हणतात, आपण जिवंत कुंपण म्हणू. कोकणातल्या माणसाला वई आठवेल, देशावरच्याला शेराचं किंवा निवडुंगाचं कुंपण. कल्पना तीच : गुरं आत येऊ नयेत आणि कुंपणानं आपली डागडुजी आपणच करावी.

यातली काही कुंपणं खूप जुनी आहेत, पण सरळ रेषेत आखल्यासारखी दिसणारी बरीचशी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतली. त्याआधी अनेक गावांची शेती उघडी, पट्ट्यापट्ट्यांची असे आणि चराईला सामाईक जमीन असे, आपल्या गायरानासारखी. 1604 ते 1914 या काळात ब्रिटिश संसदेनं पाच हजारांहून अधिक कायदे करून अशा जमिनी वाटून बंदिस्त केल्या. इंग्लंडच्या एकूण क्षेत्राचा पाचवा हिस्सा त्यात गेला. ज्याच्या वाट्याला तुकडा आला त्यानं भोवती हॉथॉर्नची रोपं लावली, कारण ती काटेरी आणि भराभर वाढणारी. ज्याची एकुलती एक गाय त्या सामाईक गवतावर जगत होती, त्याची गाय गेली. नॉर्थॅम्प्टनशायरचा शेतमजूर कवी जॉन क्लेअर यानं या बंदिस्तीवर कळवळून लिहिलं आहे. आज निसर्गप्रेमी ज्या काट्यांसाठी भांडतात ते एके काळी गरिबाला बाहेर ठेवायला लावले होते. त्यामुळे या कुंपणांबद्दल फार हळवं होणं मला जमत नाही. उपयोग मात्र मान्य करावाच लागतो.

कुंपणाचं वय ओळखायचा एक ठोकताळा मॅक्स हूपर या शास्त्रज्ञाच्या नावानं चालतो. 30 यार्ड, म्हणजे सुमारे 27 मीटर चालायचं आणि त्यात झाडा-झुडपांच्या किती जाती लागतात ते मोजायचं. जितक्या जाती, साधारण तितकी शतकं. लावणाऱ्यानंच पाच जाती मिसळून लावल्या असतील तर हिशेब कोलमडतो, पण रविवारच्या फेरफटक्याला खेळ म्हणून छान आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर धान्य वाढवायचं आणि शेतं ट्रॅक्टरजोगी मोठी करायची म्हणून सरकारनंच कुंपणं उपटायला अनुदान दिलं. विसाव्या शतकात निम्म्याच्या आसपास कुंपणं गेली. अखेर 1997 साली इंग्लंड आणि वेल्ससाठी नियम आला : 20 मीटर किंवा त्याहून लांब कुंपण काढायचं असेल तर बहुतेक ठिकाणी स्थानिक प्रशासनाला आधी कळवावं लागतं.

2. दोन-तीन मीटर रुंद चाळ

चांगलं कुंपण म्हणजे दोन-तीन मीटर उंच, तितकंच रुंद आणि बुडापर्यंत दाट. डेव्हन परगण्यात रॉबर्ट वोल्टन या अभ्यासकानं आपल्याच शेतातलं जेमतेम 90 मीटर कुंपण निवडलं आणि त्यात दिसेल तो जीव नोंदवायला घेतला. झाडं, कीटक, पक्षी, बुरशी असं सगळं धरून यादी 2,000 जातींच्या वर गेली.

चाळीसारखे इथे मजले आहेत. तळमजल्यावर, पालापाचोळ्यात आणि उंच गवतात करडा तित्तिर घरटं करतो आणि हेजहॉग झोपतो. त्याच्या वर, गुडघ्या-कमरेच्या उंचीला यलोहॅमर हा पिवळा भारीट. आपल्याकडे हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांवर थव्यानं उतरणारे जे भारीट, त्यांच्यातलाच हा. वरच्या दाट काट्यांत टर्टल डव्ह हा होला. आणि मजल्या-मजल्यांतून रात्री फिरणारा हेझल डॉरमाउस, सोनेरी रंगाचा, झुबकेदार शेपटीचा, अंगठ्याएवढा प्राणी. तो उन्हाळ्यात जमिनीवर सहसा उतरत नाही, फांदीवरून फांदीवर जातो. दोन जंगलांच्या तुकड्यांमध्ये सलग कुंपण असलं तर तो त्याचा पूल. मध्ये ट्रॅक्टरसाठी रुंद खिंड पाडली की पूल तुटला.

तळमजला रिकामा झाला की चाळ संपली, हे इथे लक्षात ठेवायचं. आणि दुर्लक्ष झालेल्या कुंपणाचा तळमजलाच आधी रिकामा होतो.

3. कापून जगवायचं

असं का होतं ते विदर्भ-मराठवाड्यातल्या तूर लावणाऱ्याला सांगायला नको. तुरीचा शेंडा खुडला नाही तर झाड सरळ वर जातं. शेंडा खुडला की बाजूच्या फुटी निघतात आणि झाड डेरेदार होतं. शेंडा खालच्या कळ्यांना दाबून ठेवतो, एवढंच यातलं शास्त्र. हॉथॉर्नचंही तसंच. सोडून दिलं की तो उंच वाढतो, वरच्या पानांची सावली बुडाशी पडते, खालच्या फांद्या वाळतात आणि मेंढी आरामात पलीकडे जाते.

यावर जुना उपाय आहे कुंपण 'आडवं पाडण्याचा'. पानगळीनंतर, ऑक्टोबर ते मार्चच्या दरम्यान, माणूस आकडी कोयता घेऊन उभं खोड बुंध्याशी तिरकं कापतो. पूर्ण तोडत नाही. साल आणि आतल्या ओल्या लाकडाची पातळशी पट्टी शाबूत ठेवतो आणि खोड हळूच एका अंगावर कलतं करतो. त्या पट्टीतून रस चढत राहतो, म्हणून आडवं पडलेलं खोडही जगतं. अधूनमधून मेखा ठोकायच्या, वर हेझलच्या लवचीक काठ्यांची वेणी घालायची. वसंतात बुंध्याच्या कापापासून धुमारे सरळ वर येतात आणि कुंपण पुन्हा जमिनीपासून दाट होतं. एकदा केलं की पंधरा-वीस वर्षं पुन्हा पाडायला नको.

प्रांतोप्रांती याच्या रीती वेगळ्या, कारण गुरं वेगळी. मध्य इंग्लंडातल्या रीतीचं नावच 'बैल'. कुंपणाला अंग घासणारा, रेटा देणारा बैल थोपवायचा तर बांधणी भक्कम हवी. मेंढ्यांच्या मुलखात कुंपण ठेंगणं चालतं, पण बुडाशी बोटभर फट राहता कामा नये. ही विद्या मरू नये म्हणून 1978 साली एक राष्ट्रीय मंडळ निघालं, आणि आजही तिथे कुंपण पाडण्याच्या स्पर्धा भरतात, आपल्याकडच्या नांगरटीच्या स्पर्धांसारख्या.

4. काडीवरचं फूल

पंधरा-वीस वर्षांतून एकदा आडवं पाडायचं, पण मधल्या काळात छाटणी लागते. खरा घोळ इथे होतो.

आज छाटणी माणूस करत नाही. ट्रॅक्टरच्या बाजूला लांब लोखंडी हात, त्याच्या टोकाला गरगरणारी पाती. तासाभरात शेताची एक बाजू भिंतीसारखी गुळगुळीत. काम इतकं सोपं झालं की लोक ते दरवर्षी करू लागले, गरज असो वा नसो. टापटिपीची हौस, आणि 'शेजारी काय म्हणेल' हे तिथेही आहे!

त्यानं बिघडतं काय? नाशिकचा द्राक्ष बागायतदार चटकन सांगेल. द्राक्षाचा घड येतो तो पिकलेल्या काडीवर, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी यांची वेळ तो जिवापाड जपतो. काडी तयार होण्याआधीच कापली तर घड कसला? हॉथॉर्नचं फूलही आदल्या वर्षीच्या लाकडावर येतं. दर हिवाळ्यात नवं लाकूड कापलं तर फूल नाही, फूल नाही तर मधमाशीला काही नाही, आणि लाल फळं नाहीत तर स्कँडिनेव्हियातून हिवाळ्यात उतरणाऱ्या फील्डफेअर आणि रेडविंग या कस्तुरांच्या थव्यांना काही नाही.

एक उदाहरण करून पाहू. शेताभोवती 600 मीटर कुंपण आहे. त्याचे 200 मीटरचे तीन भाग पाडायचे : अ, ब, क. या फेब्रुवारीत फक्त अ छाटायचा, पुढच्या फेब्रुवारीत ब, त्यापुढच्या फेब्रुवारीत क. नुकत्याच छाटलेल्या भागाला त्या वसंतात फुलं जवळजवळ नाहीत, पण उरलेल्या दोन भागांवर एक किंवा दोन वर्षांचं लाकूड आहे. म्हणजे कोणत्याही वर्षी 400 मीटर फुललेलं. दरवर्षी सगळं छाटणाऱ्या शेजाऱ्याच्या 600 मीटरवर मात्र हातावर मोजावीत इतकी फुलं. शिवाय डिझेल एक तृतीयांश. इंग्लंडमधल्या प्रत्यक्ष प्रयोगांतही दरवर्षीऐवजी तीन वर्षांनी छाटलेल्या कुंपणांवर फुलं दुपटीच्या आणि फळं तिपटीच्या आसपास भरली.

महिना फेब्रुवारीच का? तोवर पाखरांनी फळं संपवलेली असतात, आणि मार्चपासून घरटी सुरू होतात. 2024 पासून इंग्लंडमध्ये 1 मार्च ते 31 ऑगस्ट छाटणीला कायद्यानं बंदी आहे, काही अपवाद सोडून. पण शेतकऱ्याची अडचणही ऐकावी. फेब्रुवारीत चिकण मातीच्या रानात ट्रॅक्टर रुततो, आणि सप्टेंबरात जमीन टणक असते. म्हणून बंदी उठली की पुष्कळ जण लगेच यंत्र बाहेर काढतात, फळं पिकायच्या ऐन वेळी. यावर तडजोड एकच : जिथे वाट पक्की आहे तिथलं कुंपण फेब्रुवारीत, ओल्या जागेचं सप्टेंबरात, पण तीन वर्षांची पाळी दोन्हीकडे.

दरवर्षीच्या छाटणीचा सगळ्यात न दिसणारा बळी म्हणजे ब्राउन हेअरस्ट्रीक नावाचं फुलपाखरू. मादी उन्हाळ्याच्या शेवटी ब्लॅकथॉर्न या कुंपणातल्याच काटेरी झुडपाच्या कोवळ्या काडीवर, फाट्याच्या बेचक्यात, टाचणीच्या डोक्याएवढं पांढरं अंडं घालते. ते अख्खा हिवाळा तिथेच राहतं आणि वसंतात फुटतं. यंत्र नेमकी तीच काडी नेतं. ऐन थंडीत भिंग घेऊन कुंपणाच्या काड्या तपासणारे हौशी लोक तिथे दिसतात. ते ही अंडी मोजत असतात.

5. दोन गोण्या युरिया

आता चौकटीच्या आत येऊ. 1930 च्या दशकापासून 1980 च्या दशकापर्यंतच्या पन्नासेक वर्षांत इंग्लंड-वेल्सच्या सखल भागातली 97 टक्के फुलांची कुरणं गेली. बहुतेक ठिकाणी हिरवळ आजही आहे, उलट जास्तच हिरवी. गेली ती फुलं.

कारण ऐकून कुठलाही शेतकरी चमकेल : जमीन सुपीक झाली म्हणून. लंडनच्या उत्तरेला रॉथॅमस्टेड येथे जॉन लॉझ आणि जोसेफ गिल्बर्ट यांनी 1856 साली एका कुरणाचे पट्टे पाडले आणि कोणत्या खतानं गवत जास्त निघतं याचा प्रयोग मांडला. तो आजही चालू आहे. गवत कोणत्या खतानं वाढतं ते लवकरच कळलं, पण दुसरंच काही दिसू लागलं. ज्या पट्ट्याला कधीच खत मिळालं नाही तिथे चाळीसच्या घरात वनस्पती नांदतात. जिथे अमोनियाचं खत पडत गेलं आणि चुना नाही, अशा काही पट्ट्यांत दोन-तीन जाती उरल्या.

लग्नाच्या पंगतीत वाढपी भरपूर असले की चार दांडगे खाणारेच जागा अडवून बसतात, तसं हे आहे. नत्र मिळालं की रायग्राससारखं उंच गवत भसाभस वाढतं आणि खालच्या नाजूक रोपांचं ऊन तोडतं. जमीन गरीब असली तर दांडगटाला जोर येत नाही आणि सगळ्यांना जागा राहते. कास पठारावर कातळावरच्या बोटभर मातीत फुलांचे गालिचे का पसरतात, त्याचं मोठं कारण हेच.

म्हणून कुरण जपायचं तर जमीन उपाशी ठेवावी लागते, आणि ते काम गवताची कापणीच करते. हेक्टरी 3 टन वाळलं गवत निघालं असं धरू. त्यात नत्र दीड टक्क्याच्या आसपास, म्हणजे 45 किलो. आपल्याकडच्या युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 46 टक्के नत्र असतं, म्हणजे पावणेएकवीस किलो. तर दर कापणीला हेक्टरातून दोन गोण्यांहून थोडा जास्त युरिया बाहेर जातो. जुने शेतकरी त्यातला थोडा शेणखताच्या रूपानं परत देत, सगळा नाही. कापलेलं गवत तिथेच कुजायला टाकलं तर मात्र दोन्ही गोण्या जागेवर राहतात. घरामागच्या तुकड्यात फुलं यावीत म्हणून वर्षातून एकदा गवत कापून तिथेच सोडणारे लोक नेमके इथे चुकतात.

6. बी झडेपर्यंत

कुरणाचं पारंपरिक वर्ष असं : वसंतात गुरं बाहेर काढायची आणि फाटक बंद. गवत आणि फुलं वाढू द्यायची. जुलैच्या मध्यानंतर कापायचं, उन्हात पसरायचं, उलटंपालटं करायचं. या उलथापालथीत वाळलेल्या बोंडांतलं बी जमिनीवर झडतं. पेरणी आपोआप होते. गवत गंजीत गेलं की मागच्या फुटव्यावर गुरं सोडायची. त्यांच्या खुरांनी माती उकरली जाते, बी दाबलं जातं.

टेम्स नदीकाठच्या क्रिकलेड गावात हे वेळापत्रक शतकानुशतकं पाळलं जातं. तिथल्या नॉर्थ मेडो या कुरणात एप्रिलमध्ये फ्रिटिलरीची फुलं येतात, सापाच्या कातडीसारख्या चौकटी असलेल्या जांभळ्या घंटा. ब्रिटनमधल्या या फुलांचा फार मोठा वाटा या एकाच कुरणात आहे. कापणी जुलैत, चराई 12 ऑगस्ट ते 12 फेब्रुवारी. ही 12 ऑगस्ट कशी आली? मूळ दिवस 1 ऑगस्टचा, सुगीच्या सणाचा. 1752 साली ब्रिटननं पंचांग बदललं आणि तारखा 11 दिवसांनी सरकल्या. गावकऱ्यांनी नवी तारीख घेतली, पण गुरं सोडायची वेळ जुनीच ठेवली. फुलाला काय, तारीख कुठली कळते!

या वेळापत्रकाला सुरुंग लावला मुरघासानं. वाळलं गवत करायचं तर सलग तीन-चार दिवस कोरडं ऊन हवं, आणि इंग्लंडमध्ये तेवढं ऊन मिळणं म्हणजे नवसाची गोष्ट. मुरघासाला ते लागत नाही. मे महिन्यात हिरवंच कापा, दाबून प्लास्टिकमध्ये गुंडाळा, पुन्हा खत टाका, सहा-सात आठवड्यांनी पुन्हा कापा. दुधाच्या हिशेबानं शेतकरी चुकला असं म्हणवत नाही. पण मेमध्ये फुलाच्या पोटात बी नसतं.

7. टारफुल्याचा भाऊबंद

एकदा बिघडलेलं कुरण परत आणायला तिथे ज्या रोपाची मदत घेतात ते पाहून सोलापूरकडचा ज्वारीवाला हबकेल. ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला आपण शाप समजतो. त्याच्याच कुळातलं यलो रॅटल हे पिवळ्या फुलाचं रोप गवताच्या मुळांना चिकटून अन्न चोरतं. गवत खुरटतं, उजेड खाली पोचतो आणि बाकीची फुलं डोकं वर काढतात. बी पिकलं की सुकलेल्या बोंडात ते खुळखुळतं. हा खुळखुळा वाजला की गवत कापायला आलं, अशी जुनी खूण.

याचं बी जमिनीत वर्षभराहून फारसं टिकत नाही. दोन वर्षं लागोपाठ लवकर कापणी झाली की रोप नाहीसं. पेरायचं तर शरद ऋतूत, माती उकरून उघडी करून, कारण हिवाळ्याची थंडी लागल्याशिवाय ते रुजत नाही. बाजारातलं बी घेण्यापेक्षा चांगली रीत म्हणजे शेजारच्या जुन्या कुरणातलं गवत बीसकट हिरवंच कापायचं आणि त्याच दिवशी नव्या जागी पसरायचं, विरजण लावावं तसं. 2013 साली राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या साठीनिमित्त, तेव्हाचे युवराज चार्ल्स यांच्या पुढाकारानं, परगण्या-परगण्यातलं एक जुनं कुरण निवडून त्याचं विरजण इतर शेतांना द्यायचा उपक्रम सुरू झाला.

8. मधून बाहेर

आता शेवटचा प्रश्न, आणि तो महिन्याचा नाही, दिशेचा आहे. शेत कुठून कापायला सुरुवात करावी?

कॉर्नक्रेक हा पाणकोंबडीच्या कुळातला तपकिरी पक्षी आफ्रिकेतून येऊन गवतात घरटं करतो. त्याचं शास्त्रीय नाव क्रेक्स क्रेक्स, आणि आवाजही तोच, रात्रभर. विळ्याच्या काळात तो ब्रिटनभर होता. माणसं हळू कापत, पिल्लं सरकत. यंत्र आलं आणि ते कडेनं सुरू होऊन गोल-गोल आत जाऊ लागलं. उघड्यावर येण्याची भीती असलेली पिल्लं उभ्या गवतात आत-आत सरकत गेली, आणि शेवटचा तुकडा कापला तेव्हा सगळी त्यातच होती. 1993 च्या गणतीत ब्रिटनमध्ये आवाज देणारे नर पाचशेही भरले नाहीत, तेही मुख्यतः स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर.

तिथल्या लहान शेतकऱ्यांना मग उशिरा कापण्यासाठी पैसे देण्यात आले, आणि कापणी उलटी करायला सांगितलं : मधून सुरुवात, बाहेरच्या दिशेला, कडेला उभ्या गवताचा पट्टा ठेवून. पिल्लं गवतातूनच कडेला जातात आणि कुंपणाच्या बुडाशी शिरतात. पुढच्या वीस वर्षांत नरांची संख्या हजाराच्या वर गेली. नंतर ती पुन्हा उतरली, कारण अनुदानं बदलतात आणि शेतकरी म्हातारे होतात.

अकोला-वाशीमच्या माळांवर आपला तणमोरही असाच पावसाळ्यात गवतात अंडी घालतो. तिथे मात्र गवताला बी धरून कापणी पावसाळा सरल्यावर होते, तोवर पिल्लांच्या पंखांत बळ आलेलं असतं. बेटावरच्या कॉर्नक्रेकला ती सवड नाही. उन्हाळा तोकडा, गवत ऑगस्टच्या पुढे ठेवलं तर पावसात कुजतं. त्यामुळे शेतकरी ट्रॅक्टर थेट शेताच्या मधोमध नेतो. जाताना थोडं गवत चाकाखाली चेंगरतं. यंत्र सावकाश चालवत तो बाहेरच्या दिशेनं फेरे घेऊ लागतो, आणि शेजाऱ्याचं काम आटोपलेलं असतं तेव्हा याचे तीन-चार फेरे अजून बाकी असतात.